कुसुममावशीची कोंडी

तार आली तेव्हा मी वडनेर भोलजी गावातल्या आमच्या घरी भाजी निवडत होते. कुसुममावशी गेली, एवढंच त्यात होतं. त्याला आता दीड महिना झाला...

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. बुलढाण्याला शाळेत शिकवायची, दोन खोल्यांत एकटी राहायची. तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी दहा वर्षांची होते. सुट्टीत गेले की ती मला घेऊन स्वयंपाकाच्या खोलीत शिरायची, दाराच्या कडीला आतून कुलूप घालायची आणि पाटावर बसून म्हणायची, "निंघ आता." किल्ली खोलीतच दडवलेली असे, खुणांवरून ती शोधायची. घड्याळ मुद्दाम चारवर थांबवलेलं, म्हणजे फळीवरचा चौथा डबा. डब्यात हळकुंडाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीत पंचांगातली एक तिथी... या खेळाला ती 'कोंडी' म्हणायची. तिला मजा वाटते असं मला वाटे. मी मात्र शोधताना सारखी त्या बंद दाराकडे बघत असे.

एका दुपारी किल्ली सापडली, पण घाईत मी ती अशी पिरगाळली की कुलपातच मोडली. खिडकीला गज, बाहेर उन्हात चिटपाखरू नाही. मी मावशीकडे पाहिलं आणि जास्तच घाबरले. ती पांढरीफटक पडली होती.

"मावशी, तू काऊन भेऊन राह्यली?"

ती म्हणाली, "लग्न झाल्यावर तिकडं सासरी, मेहकरले, तीन दिवस कोंडलं होतं मले. मी माहेरी जातो म्हटलं म्हणून. बिजागरीचे खिळे काढून निंघाली मी... तुले बी असं निंघता यावं म्हणून शिकवून राह्यली होती, बाई."

तिला उठवत नव्हतं. मीच उलथनं बिजागरीच्या खिळ्याखाली लावलं, वरवंट्यानं ठोकलं. एक खिळा, मग दुसरा. दार कलंडलं. बाहेर आल्यावर आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो.

मी पुन्हा सुट्टीला गेले नाही. भीतीच बसली होती. तिची पत्रं येत, मी काहीतरी सबब कळवत असे.

परवा तिचं सामान आवरायला गेले. स्वयंपाकाच्या खोलीला दारच नव्हतं, नुसता निळा पडदा.

घरमालक म्हणाले, "तुम्ही शेवटच्या येऊन गेल्या, त्याच उन्हाळ्यात बाईनं दार काढाले लावलं. म्हणे, माही पोरगी आली तर भ्याली नाही पाहिजे."