मालकाची साडेसाती

"तोंडं फिरवा रे, मांगीण घेऊन राह्यली!"

कारभारी असा वरडला आन् अंगणातल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. मालकानं, बाईसाहेबांनी, ओसरीवर बसलेल्या पाव्हण्यांनी, दळण घेऊन आलेल्या गड्यानंसुद्धा. आमच्यासमोर नुसत्या पाठी. अंगणाच्या मधोमध शिलाईचं जुनं हातमशीन ठेवलेलं. त्याच्यावर काळं फडकं, फडक्यावर मूठभर काळे उडीद. मायनं वाकून मशीनला हात घातला तर कारभारी पाठमोराच म्हणाला, "आधी पदर पसर. दान असंच उचलत्यात व्हय?" मायनं पदर पसरला, जमिनीला लावला, मंग मशीन उचललं. एक बाजू मी धरली. मी असंन बारा-तेरा वर्षांची.

"सरळ घरला जायचं. मधी कुठं टेकवायचं न्हाई," कारभारी म्हणाला.

खरं सांगते, त्या दिवशी मला राग आला न्हाई. उलट मी आनंदानं येडी झाल्ते. मालकाकडं हैदराबादेहून पायानं चालवायचं नवं मशीन आल्तं. परतूरच्या टेशनावरून बैलगाडीत घालून, गोणपाटात गुंडाळून आणलं, अर्धं गाव बघायला गेल्तं. नवं आलं म्हणून बाईसाहेबांनी जुनं आम्हाला देऊन टाकलं, असं मला वाटलं. केवढं मोठं मन, असंसुद्धा वाटलं.

आमच्या घरी आम्ही दोघीच. बाप मी रांगत होते तव्हाच गेला. माय केकताडाच्या वाखाचे दोर वळायची, झाडायचे फडे बांधायची. दोर वळून वळून तिचे तळहात असे झालते की मायेनं तोंडावरून हात फिरवला तरी ओरबाडायचं. मशीन घरात ठेवलं आन् माय म्हणली, "पोरी, तू हे शीक. तुझ्या हाताला दोर लागू द्यायचा न्हाई मला."

शिकवणार कोण? गावातला शिंपी ओट्याजवळ उभं राहू देत नव्हता. मुसलमान गल्लीतली एक म्हातारी खाला मायकडून फडे घ्यायची, तिनं शिकवलं. "ऐसा पकड बेटी. जल्दी नक्को." चार महिन्यांत मला बराबर चोळी यायला लागली. आमच्या शेजारच्या सखूमावशीनं पोरीच्या लग्नाचं खणाचं कापड आणून दिलं. मी ते सकाळी कापणार, तर आदल्या संध्याकाळच्यालाच ती दारात उभी, मायला म्हणली,

"गये, माझं कापड दे."

"का गं?" मायनं विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई व्हय? ते मशीन शनीचं हाय. मालकाला साडेसाती लागलीया. जोश्यानं सांगितलं, घरात चाललेलं लोखंड मांगाला द्या, पीडा तिकडं जाती. नवरीच्या अंगावर शनी घालू का मी?"

मी मायकडं बघितलं. माय खाली बघून राह्यली. म्हणजे तिला म्हाईत होतं. न्हाई कसं असंन! आमची जातच गिऱ्हानाचं दान घेणारी. चंद्राला गिऱ्हान लागलं की आम्ही दारोदार वरडत फिरायचं, दे दान सुटे गिऱ्हान. लोकाची पीडा आम्ही अंगावर घ्यायची, त्याची आम्हाला भाकर. मायनं इच्यार केला, एवढं घेतलं तर अजून एक. लोखंड ते लोखंड. पोरीच्या हाताला काम लागतंय तर लागू दे.

पण दान एकदा घेतलं की मिटलं, असं तिला वाटलं. तिथं माय फसली. सखूमावशी कापड घेऊन गेली, त्याच्या दुसऱ्याच शनिवारी कारभारी मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन उभा राह्यला. "गये, जोश्यानं आता नवं सांगितलंय. ज्या हातानं लोखंड घेतलं त्याच हातानं तेल घ्यावं लागतं. साडेसाती सरस्तोवर. दर शनिवारी यायचं, आन् तूच यायचं."

दर शनिवारी माय त्या अंगणात जायची. मी सोबत. मालक ओसरीच्या कडंला यायचा, लोखंडी कढईतल्या तेलात वाकून आपलं तोंड बघायचा. मिशा दिसंस्तोवर बघायचा. मंग ते तेल मायच्या भांड्यात वरून वतायचे आन् सगळ्यांची तोंडं पुन्हा भिंतीकडं. त्याला छायादान म्हणतात. मालकाची सावली तेलात उतरली, ती मायनं घरी न्यायची.

घरी नेऊन आम्ही त्याच तेलाची फोडणी द्यायचो. दुसरं तेल होतं कुठं? मालकाचं तोंड आम्ही भाकरीसंगं खात होतो. पहिल्यांदा मला वकारी आली. मंग सवय झाली. सवय झाली ह्याचीच मला आज जास्त चीड येती.

मशीन घरात नुसतं बसून राह्यलं. आमच्या लोकांनी टाकलं, म्हारवाड्यानं टाकलं. एकट्या खालानं माझ्याकडून कुडता शिवून घेतला, म्हणली, "लोहे में कैका शनि!" पण एका कुडत्यानं घर चालतं का? इकायचं म्हणलं तर कुणी हात लावीना. मला पाहायला पाव्हणे यायचे, कोपऱ्यातलं मशीन बघायचे, चुळबुळ करायचे आन् पाणी न पिता उठायचे. माय पुन्हा दोर वळायला लागली. मीबी वळायला लागले.

माझा मामा जालन्याला कापसाच्या जिनात कामाला होता. तो एकदा आला आन् हे बघून खवळला. "आक्का, उठ. चल माझ्यासंगं. तिथं कुणी विचारत न्हाई मशीन कुठून आलं. पोरगी शिवंन, तू जिनात सरकी येचशील. इथं काय पुरलंय तुझं?"

ते ऐकून मला रातभर झोप आली न्हाई. जालना! माय सकाळीच बाईसाहेबांना विचारायला गेली. विचारायची काय गरज होती? पण आमची हाडंच तशी झालती. बाईसाहेब नव्या मशीनवर पडदे शिवत होत्या. वर न बघता म्हणल्या, "जा की. तुला कुणी बांधलंय? शनिवारी सकाळी तेवढी अंगणात दिसली पाह्यजे."

जालन्याहून दर शनिवारी कशी दिसणार? मामा एकटाच गेला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझी माय भेली. तू भिऊ नको." मी भेलेच होते. मालकाच्या जागेत घर, पाणी मालकाच्या विहिरीचं, पोलीस पाटील मालकाचा साडू. निजामाच्या कचेरीत आमचं ऐकणार कोण? अशी तीन वर्षं गेली. अजून निम्मी साडेसातीसुद्धा सरली नव्हती.

मंग मायला हिवताप आला. अंगाची नुसती आग. शनिवारी मी एकटी भांडं घेऊन गेले. कारभारी म्हणाला, "तुझा हात चालत न्हाई. तिला आण."

"तिला उठवत न्हाई."

"मंग बैलगाडी पाठवू का राणीसरकारला?"

मी माघारी आले. मायला सांगणार नव्हते, पण ती आपली आपणच उठली. माझ्या खांद्यावर भार देऊन आली. मालक न्याहारी करत होता. आम्ही उन्हात बसून राह्यलो. माय दातावर दात वाजवत होती, आन् आतून शिऱ्याचा वास येत होता. ओसरीवरच्या पाव्हण्याला मालक सांगत होता, "ह्या लोकांना आम्ही कमी का देतो? मशीन दिलं, दर आठवड्याला तेल. मागच्या पिढीत कुणी दिलं व्हतं इतकं?" पाव्हणा मान हलवत होता.

शेवटी मालक आला. तोंड बघून झालं. तेल वतलं. मायच्या हातातलं भांडं कलंडलं आन् तेल सगळं फरशीवर.

बाईसाहेब किंचाळल्या. कारभारी धावला. आन् मालक, एवढा मोठा बाप्या, फरशीवरच्या तेलापासून दोन हात मागं सरकला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी ते तोंड नीट बघितलं. भेलेलं. आमच्यासारखंच.

"पदरानं पूस," कारभारी म्हणाला. "पूस आन् पिळून भांड्यात घे. एक थेंब राह्यला न्हाई पाह्यजे."

माय वाकली. तापानं फणफणलेली माझी माय गुडघ्यावर बसली, पदर हातात घेतला.

मी तिचा हात धरला. म्हणले, "उठ माय."

"सोड गं," माय म्हणली. "पुसते. जाऊ दे."

"न्हाई पुसायचं." मंग मी मालकाकडं बघून बोलले. माझा आवाज फाटला होता, पण बोलले. "मालक, तोंड तुमचं सांडलंय. तुम्हीच पुसा."

कारभाऱ्यानं अशी थप्पड मारली की कानात घुंगरू वाजले. मी पडले न्हाई. मायला उठवलं, काखेत धरलं आन् चालायला लागले. मागून कुणी आलं न्हाई. तेल वलांडून यायची हिंमत कुणाची होती!

त्याच दिवशी आम्ही गाव सोडलं. खालानं नातवाला गाडी जुंपायला लावली, मायला तिच्यात निजवलं, मशीन तिच्या पायाशी. परतूरला जाईस्तोवर माय रडून राह्यली. म्हणत होती, मालकाला काही झालं तर पाप आपल्याला लागंन. मी म्हणले, लागू दे.

मालकाला काही झालं न्हाई. आजबी धडधाकट हाय, सुपारी कातरत बसतो. आमचं घर मातर पाडलं. मशीन जालन्यात चालतंय. जिनातल्या बायका चोळ्या शिवायला देतात, लग्नाच्यासुद्धा, आन् त्यांचे संसार बरे चाललेत.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मागच्या महिन्यात मामा गावाकडून आला आन् त्यानं सांगितलं, मालकानं दानाला दुसरी बाई धरली. पुन्हा लोखंड दिलं, एक जुनी शेगडी, आन् आता दर शनिवारी तेल. कोण बाई? सखूमावशी. तिचा एकुलता एक पोरगा मालकाकडं सालगडी हाय, न्हाई कशी म्हणंन?

मायनं ऐकलं, हात जोडले, म्हणली, "सुटलो बाई आपण."

मायला मी कधी उलटून बोलले न्हाई. त्या दिवशी बोलले. म्हणले, "आपण कुठं सुटलो माय? आपल्या जागी दुसरी उभी राह्यली."

येत्या शनिवारी मी गावाला चाललेय. जिनातल्या तिघी संगं येणार हायेत, मामा येणार हाय. सखूमावशीला त्या अंगणातून हाताला धरून बाहेर आणायचं, पोराला इथं जिनात लावायचं. ती आली न्हाई तर पुढच्या शनिवारी पुन्हा. तिच्यानंतर तिसरी उभी केली तर तिच्यासाठी पुन्हा. कारभारी मारंन, पोलीस पाटील धरून नेईन, नेऊ द्या. माय दारात आडवी पडून राह्यली, म्हणती जाऊ नको. मी तिला वलांडून जाणार.