बिल्ला कोनं देल्ला?

रिसोडच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. नेटवरची माहिती खरी की खोटी, हे कसं पारखायचं ते मी मुलांना शिकवते. ते जमलं की कॉलेज मोबाइलवर एक डिजिटल बॅज देतं. मुलं त्याला बिल्लाच म्हणतात.

एका बाजाराच्या दिवशी एका मुलीचे वडील लेकीला घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. "म्याडम, पोरगी म्हनते बिल्ला भेटला. छातीले तं काहीच नाही!" एसटीच्या कंडक्टरचा असतो तसला बिल्ला त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मी चिडलेच. लेकीच्या मोबाइलवर बॅज उघडून त्यांच्यापुढे धरला.

तो बघत ते म्हणाले, "सोयाबीनवर फवारू देल्लं नाही इनं मले. व्हाट्सपवर औषधाचं फॉरवर्ड आलं होतं. म्हने, कोनं लेह्यलं, कवा लेह्यलं, कायच्या भरोशावर, हे समजल्याबिगर हात लावू नका."

मी सुखावले. माझेच तीन प्रश्न शेतापर्यंत पोचले होते.

तेवढ्यात त्यांनी बॅजवर बोट ठेवलं. "मंग हा कोनं देल्ला?" कॉलेजचं नाव होतं. "कवा?" तारीख होती. "कायच्या भरोशावर?" बॅज कशाच्या आधारे दिला, ते लिहायची जागा कोरी होती. ती मीच भरायची होती, आणि मी कंटाळा केला होता.

लेक तोंडाला ओढणी लावून हसत होती. मलाही हसू आवरेना.

वडील मात्र गंभीर होते. "मंग म्याडम, हेबी फॉरवर्डच झालं नं!"