भूकंप फाटकाच्या पलीकडे

आमच्या बँडचं नाव ‘भूकंप’ होतं, आणि आम्ही वाजवायला लागलो की लोक खरोखरच घराबाहेर येऊन उभे राहायचे. (बहुतेक वेळा भांडायला.)

बँडमध्ये आम्ही तिघं. पुलगावचा सुध्या ऑक्टोपॅडवर, माझ्या वर्ध्यातलाच गजू कीबोर्डवर, आणि गिटार, गाणं, नेतृत्व वगैरे उरलेल्या सगळ्या जबाबदाऱ्या माझ्याकडे. दिवसा मी एका शाळेत लिपिक आहे. डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलेलं नाही, त्यामुळे बँडसाठी मी खांद्यापर्यंत रुळणारा टोप वापरतो. तो टोप, काळा गॉगल आणि पाठीवर ‘भूकंप’ लिहिलेलं चमकदार जाकीट घातलं की मला आमची आईसुद्धा ओळखत नाही. ओळखलं तरी तसं दाखवत नाही.

हे वेड कॉलेजपासूनचं. नागपूरला कुठलाही संगीताचा कार्यक्रम असला की मी वर्ध्याहून बसने जाणार, सगळ्यात मागे उभा राहणार आणि घसा बसेपर्यंत ओरडणार. एकदा स्टेजवर आलेल्या एका माणसाला मी एवढ्या टाळ्या वाजवल्या की त्याने थबकून मला नमस्कार केला. तो वायरी जोडायला आलेला होता. (पण काय जोडल्या त्याने!) पुढे आमचा स्वतःचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या स्नेहसंमेलनात झाला. आम्ही जीव तोडून वाजवलं. ते संपल्यावर प्राचार्य माइकवर आले आणि म्हणाले, “वाद्यं तपासून झाली असतील, तर आता कार्यक्रमाला सुरुवात करू या.”

तर अशा या बँडच्या वाट्याला माझ्या धाकट्या भावाचं लग्न आलं.

आमच्या नितीनने मुली बघताना इतक्या ठिकाणी पोहे खाल्ले होते की घरी पोहे केले तरी तो आधी इस्त्रीचा शर्ट घालायचा. शेवटी सिंदी रेल्वे गावच्या एका गुरुजींची मुलगी त्याला आवडली, आणि (याचा आम्हा सगळ्यांनाच धक्का बसला) तोही तिला आवडला! गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी हुंडा नाकारला, मानपान नाकारला. अट एकच. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं पाहिजे आणि रस्त्यात नाच नको. थोरल्या मुलीची वरात डीजेपुढे नाचत नाचत आली होती, मुहूर्त टळला होता आणि ते दुःख त्यांनी अजून गिळलेलं नव्हतं.

“या वेळी उशीर झाला, तर मी मंडपाचं दार लावून घेईन. मग नवरदेव असो की त्याचा बाप,” ते साखरपुड्यातच म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

घरी आल्यावर मी विषय काढला.

“बाबा, गुरुजी डीजे नाई म्हनले न? मंग आपन डीजे आनतच नाई. आपला बँड हाय न!”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “पोट्ट्याचं लग्न मोडाचं हाय का तुले?”

“एकच गानं वाजवतो. साधं. हळू.”

“भूकंप हळू येते का बे?”

नितीन तर रडकुंडीला आला. “दादा, तुह्या पाया पडतो. मले ते पोरगी लय आवडली. काऊन माह्या मांगं लागून राह्यला?”

शेवटी आई मध्ये पडली. “वाजवू द्या त्याले. भावाचं लग्न हाय, हौस हाय त्याची.” आईपुढे बाबांचं चालत नाही. त्यांनी फक्त बोट रोखून मला सांगितलं, “मुहूर्त चुकला तं तुही गिटार मी रुळावर ठेवीन. आन् तिच्या बाजूले तुले.”

मी कामाला लागलो. तळेगावच्या बंडूभाऊंचा छोटा हत्ती टेम्पो ठरवला. एरवी त्यात संत्री असायची, त्यामुळे आमचा बँड पहिल्यांदाच सुगंधी होता! मागच्या बाजूला मी स्पीकरची भिंत रचली, तोंडं वरातीकडे. भिंतीच्या आणि केबिनच्या मधल्या बोळीत आम्ही तिघं वाद्यं घेऊन बसलो. तिथून आम्हाला जगातली एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे बंडूभाऊंची मान. बँडच्या नावाचं कापड लावायला जागा उरली नाही, म्हणून मी ते फाडून गाडीच्या आरशांवर बांधलं. एका आरशावर ‘भू’ आणि दुसऱ्यावर ‘कंप’.

“दादा, मले मांगचं कसं दिसन?” बंडूभाऊंनी विचारलं.

“मांगं पाहाचं कामच नाई भाऊ. मांगं वरात हाय. तुमी फक्त पुढं चाला!” मी म्हणालो. हे वाक्य नंतर घरात मला पुष्कळ वेळा ऐकवण्यात आलं.

लग्नाच्या दिवशी ऊन कलल्यावर नितीन सिंदीच्या मारोतीच्या दर्शनाला गेला आणि तिथून घोडीवर बसून वरात निघाली. मारोती रेल्वे लाइनच्या अलीकडे, मंगल कार्यालय पलीकडे, मध्ये फाटक. वेळ भरपूर होता. मी ठरल्याप्रमाणे एकच गाणं वाजवलं, साधं आणि हळू. मग कुणीतरी (बहुधा मीच) “वन्स मोअर” ओरडलं. दुसऱ्या गाण्यात माझा गिटारचा एकट्याचा तुकडा होता आणि तो मी डोळे मिटून वाजवतो. गाडीला खालून दणादण धक्के बसले.

“भाऊ, काय बेस लागला बे!” सुध्या आनंदाने किंचाळला.

तो बेस नव्हता. ते रूळ होते. आमची गाडी पलीकडे गेली आणि आमच्या मागे फाटक पडलं! घोडी, घोडीवर नितीन, आई, बाबा, समस्त वऱ्हाड त्या बाजूला राहिलं. मालगाडी आली आणि नेमकी फाटकातच थांबली. खिशात माझा फोन थरथरत होता म्हणे. पण स्पीकरला पाठ लावून बसल्यावर माणसाचं सगळंच थरथरतं.

आता पलीकडच्या बाजूला भलतीच एक वरात आपल्या डीजेची वाट बघत ताटकळत उभी होती. (त्यांचा डीजे फाटकाच्या त्या बाजूला नितीनच्या घोडीशेजारी अडकला होता.) स्पीकरने भरलेली गाडी येताना दिसली आणि त्यांच्यातल्या एकाने बंडूभाऊंच्या काचेवर थाप मारली.

“काऊन भाऊ, किती उशीर! चला, इकून चला!”

तळेगावच्या माणसाला सिंदीचं काय माहीत? बंडूभाऊ इकून चालले.

आम्हाला भिंतीमागून फक्त आवाज येत होता. आणि काय तो आवाज! शिट्ट्या, आरोळ्या, “होऊ द्या भाऊ, होऊ द्या!” आमच्या नातेवाइकांनी माझ्या वादनावर आजवर जांभईशिवाय काही दिलं नव्हतं. गुडघ्यांनी बेजार असलेले आमचे मोठेबाबासुद्धा (बाबांचे थोरले भाऊ) नाचत असतील, असं मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. गुरुजींची अट मी साफ विसरलो. चौथं गाणं घेतलं.

मंडपाशी गाडी थांबली. एका बाईने बंडूभाऊंना ओवाळलं. मी गिटार पाठीवर टाकून उडी मारली आणि थोरल्या भावाच्या हक्काने गर्दी सारत घोडीपाशी गेलो. नवरदेवाचं तोंड फुलांच्या सेहऱ्यात झाकलेलं. मी त्याला हात देऊन उतरवलं आणि कानाशी लागलो.

“नित्या, गाठला लेका मुहूर्त! उगाच भेत होता तू.”

सेहरा बाजूला झाला. आत भरघोस मिशी होती. नितीनला मिशी नव्हती.

“कोन नित्या?” मिशी म्हणाली.

“तू... तुमी... नितीन नाई?”

“मी प्रमोद. तुमी डीजेवाले न?”

मी भोवती पाहिलं. एकही चेहरा ओळखीचा दिसेना. आधी मला ते गॉगलमुळे वाटलं. गॉगल काढला तरी दिसेना! फोन काढला. बाबांचे कॉलच कॉल. आणि नितीनचे दोन मेसेज. पहिला, “दादा, कुठी हायेस?” दुसरा, “राहू दे.”

राहू दे? काय राहू दे? लग्न राहू दे? गुरुजींनी दार लावून घेतलं असणार. इतक्या वर्षांनी एका पोरीने माझ्या भावाला हो म्हटलं, आणि मी चौथं गाणं घेत बसलो! त्या क्षणी बाबांनी खरंच रूळ दाखवले असते, तर मी गिटारशेजारी गपगुमान आडवा झालो असतो.

“कुठी चालले भाऊ? नवरदेव मंडपात तं जाऊ द्या!” प्रमोदच्या मामांनी माझं जाकीट धरलं.

“हे दोघं वाजवते!” मी ओरडलो, सुध्या आणि गजू यांना तिथेच ओलीस ठेवलं आणि पळत सुटलो. पाठीवर गिटार आपटतेय, टोप डोळ्यांवर येतोय, आणि मी दिसेल त्याला विचारतोय, “गुरुजीच्या पोरीचं लग्न कुठी हाय?”

“सरळ जा,” पानठेल्यावरचा एक जण म्हणाला. “पन आता पळून काय फायदा?”

कार्यालय दिसलं. दार बंद होतं.

कसाबसा दारापाशी गेलो, ते जरासं ढकललं, आणि आतून मंगलाष्टकाची शेवटची ओळ कानावर आली. अक्षता उडाल्या. गळ्यात हार घातलेला नितीन असा हसत होता, जसा तो पोह्यांच्या कुठल्याच कार्यक्रमात हसला नव्हता. दार फक्त बाहेरचा गोंगाट नको म्हणून लोटलेलं होतं! मी पायरीवर बसलो आणि गॉगल लावून मनसोक्त रडलो. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

झालं होतं असं, की फाटक पडल्यावर बाबा डोक्याला हात लावून बसले, पण आईने परिस्थिती ओळखली. बँड पुढे गेला म्हणजे नाचायला कुणी थांबणार नाही! “उतर रे घोडीवरून,” ती नितीनला म्हणाली, आणि त्याला मामाच्या स्कूटरवर बसवून लाइनखालच्या बोगद्यातून रवाना केलं. त्याचं ते ‘राहू दे’ बँडबद्दल होतं. बाकीचे पायी, मोटरसायकलवर, जसे जमेल तसे मागोमाग निघाले. वरात इतकी लवकर पोचली की गुरुजी स्वतः अजून कोटाची बटणं लावत होते.

मी डोळे पुसून आत गेलो तेव्हा गुरुजींनी बाबांचे दोन्ही हात धरले होते.

“व्याहीबुवा, एवढी शिस्तीची वरात मी जन्मात पाहिली नाही. ना बँड, ना नाच, ना आरडाओरडा! नवरदेव स्कूटरवर! याला म्हणतात संस्कार.” मग त्यांची नजर माझ्यावर पडली. टोप, जाकीट, पाठीवर गिटार. “हे कोण?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं.

“काय माहीत बावा,” बाबा शांतपणे म्हणाले. “दुसऱ्या लग्नाचा बँडवाला दिसते. रस्ता चुकला असन.”

“बिचारा! जेवून जा हो,” गुरुजी मायेने म्हणाले. “बँडवाल्यांची पंगत मागच्या बाजूला.”

सख्ख्या भावाच्या लग्नात मी मागच्या बाजूला जेवलो. थोड्या वेळाने नितीन हळूच तिथे आला आणि त्याने माझ्या ताटात दोन जिलब्या टाकल्या.

“दादा, टोप सांभाळ, वांग्याच्या भाजीत चालला,” तो म्हणाला. मग वाकून माझ्या गळ्यात पडला. “तू पुढं नसता गेला तं आमी अजून फाटकावरच नाचत राह्यलो असतो.”

आता गुरुजी सणासुदीला आमच्याकडे येतात. टोपाशिवाय मी त्यांचा फार आवडता आहे. दर वेळी जेवण झालं की ते तृप्त होऊन म्हणतात, “काही म्हणा, तुमच्या वरातीत बँड नव्हता, यासारखं सुख नाही!” बाबा माझ्याकडे बघतात. नितीन छताकडे बघतो. आणि मी मान झुकवून नम्रपणे हात जोडतो. इतकी मनापासून दाद आमच्या बँडला दुसऱ्या कुणी दिलेली नाही.