फोटोतली तिसरी बाई

फोटो दाखवताना सर आधी पुढाऱ्यावर अंगठा ठेवायचे. म्हणून देवळाली कॅम्पच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव पडलं अंगठासर. शिकवायचे इंग्रजी आणि नाव अंगठासर, याचं आम्हाला फार हसू यायचं.

फोटो एका जुन्या अमेरिकन मासिकातला होता, रद्दीवाल्याकडे मिळालेला. तिकडे काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवायचे. म्हणून एका गावातल्या काळ्या लोकांनी बसच सोडली आणि वर्षभर पायी कामाला गेले, त्या वेळचा. अंगठा ठेवून सर विचारायचे, "आता कोण दिसतं?" डावीकडून तिसरी, हातात पिशवी धरलेली बाई दिसायची. "पुढाऱ्याचं नाव पुस्तकात आहे. रोज चालली ती ही. हिचं नाव काय?"

मी नववीत असताना त्यांनी मासिकालाच पत्र टाकलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. फोटोतल्या पुढाऱ्याभोवती लाल गोल आणि खाली त्याचं नाव. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, ह्यालाच तर मी झाकत होतो." मग दरवर्षी तिकडच्या कुठल्यातरी चर्चला, वाचनालयाला एक पत्र जायचं.

एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "पंचवटीतल्या मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात माझी आई होती. बारा वर्षांची पोर, लग्नसुद्धा झालं नव्हतं. उन्हात बसलेल्यांना पाणी द्यायची. मिळतील तेवढ्या याद्या पाहिल्या मी. ती कुठंच नाय." सरांचं गावाकडचं 'नाय' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी नुसती मान डोलावली.

पुढे मी सातपूरला नोकरीला लागलो, तरी रविवारी सरांकडे जायचो. ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं पत्र मी सायबर कॅफेतून ईमेलनं पाठवलं. महिन्याभरात एका ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं. फोटोतल्या बाईला तिच्या भाचीनं ओळखलं होतं. नाव अर्लीन, धुणीभांडी करायची. सरांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "अर्लीन," ते हळूच म्हणाले, "आता तिला हाक मारता येईल." आणि रडले. मलाही आवरलं नाही.

पुढच्या रविवारच्या आत सर गेले.

त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून मी सरांच्या पत्नीला, काकूंना, सरांच्या आईचं नाव विचारलं.

"पार्वती," काकू म्हणाल्या. "पण ते लग्नात ठेवलेलं. सत्याग्रहाला गेल्या तेव्हा माहेरचं नाव होतं. ते फक्त ह्यांनाच ठाऊक. तुला सांगितलं असेल ना?"

मी कधी विचारलंच नव्हतं.