दारव्ह्याच्या बाजाराला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये

प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मलाच ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. दूरदूरचे देश पाहिलेल्यांनी लिहावं, ते शोभतं. मी गेलो ते यवतमाळहून दारव्ह्याला, एसटीने जेमतेम तासाभराचा रस्ता. आम्हाला मात्र त्याला अर्धा दिवस लागला, आणि तोही आम्ही मुद्दाम लावला. म्हणून माझ्या गावच्या, मुकुटबनच्या माणसांसाठी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी माझ्या खोलीवरच्या मित्राची, स्वप्नीलची. दिसायला साधी जुनी छोटी कार, पण त्याने इंजिनाला टर्बो बसवून ती भलतीच वेगवान केली होती. वजन कमी करायला मागची सीट काढली, दारांची अस्तरं काढली, सुटं होईल ते सगळं काढलं. ताकद वाढली तसा जुना क्लच घसरू लागला, म्हणून आता जास्त कडक असा नवा क्लच टाकून आणला होता.

"घसरतो म्हणजे काय होतं बे?" मी विचारलं.

त्याने माझा तळवा आपल्या तळव्यावर दाबून धरला आणि हात फिरवला. माझाही फिरला. मग दाब ढिला करून पुन्हा फिरवला. त्याचा हात, म्हणजे इंजिन, फिरला; माझा, म्हणजे चाकं, जागेवरच. "इंजिन ओरडते, गाडी पुढं जात नाही," तो म्हणाला.

रविवारी नागपूरला एका रेसिंग टीमने नवीन ड्रायव्हर निवडायला चाचणी ठेवली होती. मैदानावर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून त्यांमधून गाडी पळवायची. स्वप्नीलला तिथे एकदाच संधी होती. नागपूरच्या गॅरेजवाल्याने बजावलं होतं, की तोवर नवा क्लच रुळू दे. गाडी हळू चालव, थांबत-निघत, गिअर बदलत. जोर देशील तर क्लचची प्लेट जळेल. स्वप्नीलचे वडील, नामदेवकाका, दारव्हा लाइनवर प्रवासी जीप चालवतात. त्यांनी वेगळंच सांगितलं होतं, "क्लच गेला तर गुपचूप मागची सीट लाव अन् गाडी मले दे. घरच्या कामाले तरी येईन."

थांबत-निघत जायला बाजाराच्या रस्त्याइतका चांगला रस्ता कोणता? दारव्ह्याचा आठवडी बाजार गाठायचं ठरलं.

यवतमाळ सोडलं तेव्हा कोवळं ऊन होतं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधल्या तुरीच्या ओळींना पिवळी फुलं. एरवी हा रस्ता एसटीच्या खिडकीतून पळताना दिसतो. आज आम्ही इतके हळू होतो, की वेचणीला निघालेल्या बाया आमच्याकडे वळून बघत आणि काहीतरी बोलून हसत. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला ओलांडताना विचारलं, "पेट्रोल सरलं काय?"

बोरी अरबला चहा आणि आलूबोंडा खाल्ला. वर झणझणीत तर्री (रस्सा). नाकातून पाणी आलं, पण मी दुसरा मागितलाच. गाडीशी परत येतो तो मागचं दार उघडं आणि आत एक आजी बसलेली. सीट नाही म्हणून सरळ पत्र्यावर, पाय पसरून. शेजारी सांबार (कोथिंबीर) आणि भेदरं (टोमॅटो) यांची गाठोडी. दाराशी आणखी दोघी उभ्या.

चूक त्यांची नव्हती. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी जी गाडी हळू चालते आणि जागोजागी थांबते, ती सवारीचीच असते.

"आजी, हे सवारीची गाडी नोहे," स्वप्नील म्हणाला.

"मंग थांबत थांबत कायले येऊन राह्यला होता?" आजी म्हणाली. "अन् सीट कुठं गेली रे?"

"काढली. वजन कमी कराले."

"बरं केलं. आमाले जागा झाली. चला वं, बसा."

दोघी बसल्या. स्वप्नीलने माझ्याकडे पाहिलं. मी गाठोडी नीट लावून दिली. अजून काय करणार?

पुढे जरा चढ आला. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला. मला तो तळव्यांचा खेळ आठवला. मग वास आला, जळक्या रबरासारखा.

"कोणाचं काय जळून राह्यलं?" मागून एकीने विचारलं.

"माहं नशीब," स्वप्नील म्हणाला. "नवा क्लच आहे बे. काहून घसरून राह्यला?"

मी म्हटलं, "वजनामुळं असेल," आणि मागच्या तिघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

त्याने गाडी कडेला घेतली. तेव्हा आजी, जी दोन सीटांच्या मधून मान घालून बसली होती, म्हणाली, "बाबू, एक इचारू? तुहा डावा पाय बोरीपासून त्या दांडीवरच हाय. दुखत नाही का?"

स्वप्नीलने खाली पाहिलं. पाय क्लचच्या पेडलवर टेकलेला होता. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला. पण तेवढ्या भारानेच क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून किंचित ढिल्या राहत होत्या. पाय ठेवायला शेजारी जी पट्टी असते, ती वजन कमी करताना त्यानेच काढून टाकली होती. आणि गाडी तो शिकला वडिलांच्या जीपवर. नामदेवकाकांचा पाय गर्दीत कायम क्लचवर असतो. मागे सीट असती तर कोणी इतक्या खाली बसलंच नसतं, आणि हे दिसलंही नसतं.

"माय," तो म्हणाला आणि पाय उचलून घेतला.

क्लच थंड होईपर्यंत आम्ही सगळे बाभळीखाली बसलो. आजीने ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला. "गाडी एवढी पळवून जाणार कुठं तू?" तिने स्वप्नीलला विचारलं. "गोल गोल, मैदानात," तो म्हणाला. ती बराच वेळ हसली.

दारव्ह्याच्या बाजारात तिघींना उतरवलं, कुऱ्हाडीचे दांडे विकणाऱ्या सुताराकडून लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि जुन्या पट्टीच्या भोकांत स्क्रूने बसवला. परतताना मी रस्ता पाहिलाच नाही. मी त्याचा पाय पाहत होतो. दोनदा तो पेडलकडे गेला, दोनदा मी टोकलं. वास आला नाही. पण प्लेट आधीच किती जळली, हे जोर दिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि जोर द्यायचा तो थेट रविवारी.

खोलीवर आल्यावर वाटलं, की यवतमाळ-दारव्हा रस्ता मला आता कुठे माहीत झाला. वेगात गेलो असतो तर त्यावर कोण राहतं ते कळलं नसतं.

रविवारी स्वप्नील एकटाच नागपूरला गेला, आणि त्याचा फोन बंद. सोमवारीही बंद. शेवटी मी जीपच्या थांब्यावर गेलो. नामदेवकाका सवाऱ्या भरत होते. त्यांच्या शेजारी आणखी दोघे दाटून बसलेले, आणि काकांचा डावा पाय क्लचवर.

"काका, क्लच?"

"क्लच टिकला. लोखंडासारखा टिकला," ते म्हणाले. "पोट्टंच नाही टिकलं. दोन कोन पाडले, नाव नाही लागलं. तोंड लपवून घरी बसला हाय."

मी घाबरत विचारलं, "मग आता सीट लावून राह्यला काय?"

काकांनी गिअर टाकला. "लावत होता," ते म्हणाले. "मीच नको म्हटलं. पुढच्या खेपेले ये म्हणाले ना टीमवाले त्याले."