वीरेंद्रच्या गाडीची मागची चाकं

बालाघाटात वारासिवनी रोडवर टिकारामचं गाड्यांची चाकं सरळ जुळवण्याचं, अलाइनमेंटचं दुकान आहे. जीप, बोलेरो, धानाचे मेटॅडोर हे त्याचं नेहमीचं काम. या गाड्यांना मागे एकच आडवा एक्सल. तिथे जुळवायचं काही नसतंच. पुढची चाकं नीट केली की झालं. म्हणून लालबर्र्याचा वीरेंद्र आपल्या वडिलांची जुनी, दोन सिटांची स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि म्हणाला, "मागून डोलते," तेव्हा टिकाराम आधी पुढचीच चाकं बघत बसला.

पुढे काही दोष नव्हता. मग तो खाली शिरला. मागचं प्रत्येक चाक वेगळं बसवलेलं, बुडाशी पत्र्याच्या पातळ चकत्या. चकत्या कमी-जास्त केल्या की चाक आत किंवा बाहेर वळे.

"मागचे चाकं बी वळते?" तो बाहेर येऊन म्हणाला. "मंग जागेवर राह्यते कसे?"

वीरेंद्रला काय माहीत! वडील गेल्यापासून गाडी गोदामात पडून होती. आईला, शेवंताबाईला, तिच्या बहिणीकडे खैरलांजीला याच गाडीतून न्यायचं त्यानं ठरवलं होतं. पण पहिल्याच वळणावर मागची बाजू सरकली आणि ती घाबरून खाली उतरली होती. आताही ती दुकानातल्या बाकावर बसून होती.

टिकारामनं चाकांच्या बाजूनं दोरी ताणली, माप घेतलं, चकत्या बदलल्या. गाडी जॅकवरून उतरवून मापलं, तर चूक. जरा ढकलून पुन्हा मापलं, तर आणखीच वेगळं. चकत्यांना हात न लावता माप बदललं होतं. डबा घेऊन आलेली त्याची बायको मंजू म्हणाली, "दोरी ढिली तं नाही?" त्यानं दोरी आवळली. फरक पडला नाही.

शेवटी चाकं जागेवर नीट बसावीत म्हणून गाडी पुढे-मागे ढकलत, पुन्हा पुन्हा मापत त्यानं दोन्ही बाजू सारख्या आणल्या. एकटाच वैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आला. गाडी अगदी सरळ गेली. मग वीरेंद्र आईला घेऊन निघाला आणि लगेच परतला.

"डोलूनच राह्यली."

"तुमचा हात वाकडा आहे का भाऊ?"

"माही बोलेरो तं सरळ जाते!"

टिकारामनं डोकं खाजवलं. एकाच गाडीचे दोन स्वभाव कसे? मायलेक अजून आतच होते. त्याची नजर सहज मागच्या चाकाकडे गेली. चाक वरून आत झुकलं होतं.

"उतरा बरं."

ती दोघं उतरली, चाक पुन्हा उभं झालं.

"बसा."

दोघांच्या वजनानं ते परत झुकलं.

मग त्यानं दोघांना आत बसवूनच मापलं. जॅक लावायचा तेव्हा उतरवायचं, खाली आणल्यावर पुन्हा बसवायचं. शेवंताबाई कंटाळली, पण बसत-उतरत राहिली. काम संपल्यावर वीरेंद्रनं फेरी मारली आणि हसत परत आला. टिकारामनं एकट्यानं चालवली, तर आता त्याच्याच हाती ती जरा अवखळ झाली होती.

"मंग बरोबर जुळणी कोणती? मघाची का आताची?" त्यानं विचारलं.

"आम्हीच बसणार ना तिच्यात," शेवंताबाई म्हणाली. "तू काहून चिंता करतं?"

ती दोघं खैरलांजीला निघाली. दिवेलागणीला वीरेंद्रचा फोन आला. "पोहोचलो. माय तं गाडीतच झोपली होती."

"सरळ गेली?"

"हौ."

"काहून?" टिकारामनं विचारलं.

"आम्ही दोघं आत होतो ना," वीरेंद्र म्हणाला. "तुम्हीच तं तसं मापलं!"