आकृती सत्तेचाळीसमधली तार

बोडिल राव्नहोल्टने होर्सेन्सच्या आमच्या तंत्रशाळेत एकतीस वर्षं पुस्तकांच्या आकृत्या छपाईसाठी तयार केल्या, आणि एकाही पुस्तकात तिचं नाव आलं नाही. निवृत्तीच्या वर्षी मात्र टॉर्किल कबूल झाला, "यंदा प्रस्तावनेत तुझं नाव टाकतो."

टॉर्किल आमचा प्राध्यापक. संगणकाच्या पडद्यावर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे, की डेअरीचा पंप चालवणारा प्रोग्राम तयार, हे तो शिकवतो. त्याच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघत होती. आधीच्या दोन्ही त्याने बोडिलला न दाखवता परस्पर छापून घेतल्या होत्या; त्यांत आकृत्या इतक्या पुसट, की मुलं पान खिडकीशी नेऊन बघत.

याही वेळी त्याने पडद्याचे फोटोच पाठवले. एकात त्याचा कॉफीचा मगही उमटला होता.

"हे छापायला चालत नाहीत रे," बोडिल म्हणाली.

"का? इंचाला तीनशे ठिपके तूच सांगितलेस ना? प्रत्येक फोटोचा आकडा बदलून तीनशे केलाय."

"आकडा बदललास, ठिपके कुठून आणलेस? मी वहीत माझं वजन साठ लिहिलं म्हणून स्कर्ट सैल होतो का? मूळ प्रोग्राम दे. त्यातून रेषा रेषांच्याच रूपात काढते. मग भिंतीएवढ्या केल्या तरी कड फाटणार नाही."

आठ दिवस ती खपली. पिवळ्या तारा कागदावर दिसत नाहीत म्हणून गडद केल्या, सगळी अक्षरं एका मापाची केली. आकृती सत्तेचाळीस मोठी करून बघते तर 'टाकी भरली' या चौकोनातून निघालेली तार 'पंप बंद'पर्यंत पोचतच नव्हती. केसाएवढी फट. पुसट छपाईत तार जोडलेली वाटायची.

तिने टॉर्किलला बोलावलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. नऊ वर्षं मुलं सांगत होती की तुमच्या प्रोग्रामने पंप थांबत नाही. नऊ वर्षं हा त्यांना पुस्तकातलं चित्र दाखवून गुण कापत होता.

"इथे जुनंच चित्र टाक," तो हळूच म्हणाला.

"धूसर?"

"थोडंसंच. नाहीतर चित्रात तेवढी तार जोडून टाक."

देव सगळं बघतो, अशी माझी श्रद्धा आहे. पुसट छपाईतलं कुणालाच दिसत नाही, अशी टॉर्किलची.

"प्रोग्राममध्ये तुटकी आणि चित्रात जोडलेली? असलं खोटं चित्र मी काढत नाही," बोडिल म्हणाली.

"मग प्रस्तावनेतल्या नावाचं मला बघावं लागेल."

"बघ बाबा. आधी तार बघ."

दुपारी सगळे राई ब्रेड खायला गेले, तेव्हा टॉर्किलने दार लावून प्रोग्राममधली तार जोडली. बोडिलने त्यावरून नवं चित्र काढलं.

पुस्तक आलं. प्रस्तावनेत शेवटी लिहिलं होतं : 'आकृती सत्तेचाळीस मी अधिक सुबक केली आहे. चित्रांत काही चुका राहिल्या असल्यास त्या बोडिल राव्नहोल्ट यांच्या.'

मला संताप आला. बोडिलने भिंग लावून ती ओळ सावकाश वाचली.

"छपाई बघ," ती म्हणाली, "एक कड फाटली नाही." आणि दोन प्रती विकत घेतल्या.